हिवाळ्याला गिऱ्हाईक मिळवून देणारे घराणे : सेंट मॉरिट्झचे बाद्रुट

स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागात, ग्राउबुन्डेन प्रांतात, इन नदीच्या वरच्या खोऱ्यात सेंट मॉरिट्झ हे गाव वसले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंची, पायथ्याशी तळे, भोवती तीन हजार मीटरच्या वर गेलेली शिखरे आणि कायम वस्ती जेमतेम पाच हजारांची. जगभरचे धनिक हिवाळा घालवायला जिथे जमतात, अशा ठिकाणांत आज या गावाचे नाव अग्रभागी असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र इथला हिवाळा म्हणजे सहा महिन्यांची कोंडी होती. जून ते सप्टेंबर एवढाच पाहुण्यांचा हंगाम. तो संपला की पथिकाश्रमांची दारे बंद होत, खिंडींतली वाहतूक मंदावे आणि गाव बर्फाखाली गप्प होऊन जाई. ही कोंडी ज्यांनी फोडली त्यांत बाद्रुट घराण्याचा वाटा सर्वांत मोठा. या घराण्याने उभारलेली ‘कुल्म’ आणि ‘पॅलेस’ ही दोन्ही हॉटेले अजून चालू आहेत. मालकी मात्र आता बाद्रुटांच्या रक्तात राहिलेली नाही, आणि घराण्याच्या इतिहासातले हे शेवटचे प्रकरण पहिल्याइतकेच लक्ष देण्याजोगे आहे.

सेंट मॉरिट्झला पाहुणे येण्याची परंपरा हॉटेलांहून कितीतरी जुनी आहे. तळ्याच्या वरच्या टोकाला, सखल भागात लोहयुक्त पाण्याचा झरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या झऱ्याची डागडुजी चालू असताना लार्च वृक्षाच्या ओंडक्यांचे प्राचीन बांधकाम सापडले. त्या लाकडाच्या वार्षिक वलयांवरून त्याचा काळ इसवी सनापूर्वी १४११ असा निश्चित झाला आहे. पॅरासेल्सस या प्रख्यात वैद्याने १५३५ साली या पाण्याची वाखाणणी केली होती. गावाचे त्यामुळे दोन भाग पडले : खाली झऱ्याभोवतीचे ‘बाड’ म्हणजे स्नानस्थान, आणि वर उतारावरचे ‘डोर्फ’ म्हणजे मूळ गाव. औषधी पाण्यासाठी येणारा पाहुणा साहजिकच खाली उतरे. वरच्या गावातल्या खानावळवाल्याला त्याच्याकडे ओढून घ्यायचे तर पाण्याखेरीज दुसरे काहीतरी दाखवावे लागे. बाद्रुट घराण्याची पुढची सारी धडपड या भूगोलातून समजते.

योहानेस बाद्रुट यांचा जन्म १८१९ साली शेजारच्या समेदान गावी झाला. वडील बांधकामाच्या व्यवसायात होते आणि प्रवाशांची उतरण्याची सोयही ते करीत, त्यामुळे इमारत आणि पाहुणा या दोन्ही गोष्टी योहानेस यांच्या ओळखीच्या होत्या. १८५०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी सेंट मॉरिट्झच्या वरच्या भागातले ‘फालर’ नावाचे छोटे पथिकाश्रम भाड्याने घेतले, आणि १८५६ साली ते ‘एंगाडिनर कुल्म’ या नव्या नावाने चालू झाले. एंगाडीन हे खोऱ्याचे नाव, कुल्म म्हणजे माथा. काही काळातच त्यांनी ती वास्तू विकत घेतली आणि मग आयुष्यभर वाढवीत नेली. खाली झरा नव्हता, पण माथ्यावरून दिसणारे तळे होते, दक्षिणेकडचे ऊन होते आणि कोरडी हवा होती.

काळ त्यांना अनुकूल होता. लंडनमध्ये १८५७ साली आल्पाइन क्लबची स्थापना झाली, १८६५ साली मॅटरहॉर्न सर झाले, आणि या दरम्यान आल्प्सच्या शिखरांवर जाणे हा सुखवस्तू इंग्रजांचा छंद बनला. १८५८ मध्ये रेल्वे ग्राउबुन्डेनची राजधानी कूर इथवर आली. तिथून पुढे यूलिअर खिंड ओलांडून घोडागाडीने एंगाडीनमध्ये यायला अख्खा दिवस मोडे. तरीही लोक येत. झऱ्याचे पाणी पिणारे येत, शिखरे चढणारे येत, आणि नुसते हवा खाणारेही येत. पण सगळे उन्हाळ्यातच.

इथे हॉटेलधंद्याचा हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. खोल्या, सामानसुमान, स्वयंपाकघर, कर्जाचे व्याज यांचा खर्च बारा महिन्यांचा. कमाई तीन महिन्यांची. थंड हवेच्या ठिकाणी हॉटेल चालविणाऱ्या प्रत्येकाला हे गणित सोडवावे लागते. महाबळेश्वर-माथेरानचा हंगाम पावसाबरोबर आटोपत असे, आणि घरांना गवताच्या झडपा बांधून माणसे खाली उतरत. आंबोलीत मात्र आज पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. ज्या ऋतूपायी गिऱ्हाईक पळते, तोच ऋतू गिऱ्हाइकाला दाखविण्यासारखा करता आला तर गणित बदलते. योहानेस बाद्रुट यांच्या नावावर जमा असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

पैज : कथा आणि पुरावा

ही गोष्ट सेंट मॉरिट्झमध्ये प्रत्येक पाहुण्याला ऐकविली जाते. १८६४च्या उन्हाळ्याअखेरीस कुल्ममधले चार इंग्रज पाहुणे परतीच्या तयारीत होते. लंडनच्या धुक्याची आणि चिखलाची आठवण काढून ते कुरकुरत असताना योहानेस यांनी त्यांना सांगितले, की एंगाडीनमधला हिवाळा लंडनच्या हिवाळ्याहून कितीतरी सुखाचा असतो, स्वच्छ ऊन पडले की माणूस कोटाशिवाय बाहेर बसू शकतो. पाहुण्यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी पैज मांडली : हिवाळ्यात या, माझे म्हणणे खोटे ठरले तर येण्याजाण्याचा खर्च माझा, खरे ठरले तर हवे तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा. डिसेंबरात ते चौघे केसाळ कातड्यांत स्वतःला गुंडाळून घोड्यांच्या घसरगाडीतून यूलिअर खिंड ओलांडून आले, आणि गावात पोचेपर्यंत घामाघूम झाले. दारात योहानेस त्यांच्या स्वागताला उभे होते, ते बाह्या दुमडलेल्या सदऱ्यात. पाहुणे ईस्टरपर्यंत राहिले आणि उन्हाने रापलेले चेहरे घेऊन मायदेशी परतले.

कथा इतकी नेटकी आहे की तिथेच शंका यावी. त्या हिवाळ्यातला कोणताही समकालीन पुरावा या पैजेच्या पाठीशी उभा नाही. अभ्यासक ती आख्यायिका म्हणूनच सांगतात. शिवाय शेजारच्या दावोसचाही दावा आहे. तिथे फेब्रुवारी १८६५ मध्ये दोन जर्मन क्षयरोगी भर हिवाळ्यात उपचारांसाठी येऊन राहिल्याची नोंद आहे, आणि आल्प्समधल्या हिवाळी मुक्कामाचा आरंभ काही जण तिथून मोजतात. सेंट मॉरिट्झने मात्र १८६४ हेच वर्ष पक्के केले आहे. २०१४-१५च्या हंगामात त्याची दीडशे वर्षे थाटाने साजरी झाली. योगायोग असा की गावातल्या पर्यटन संस्थेचा आरंभही १८६४चाच सांगितला जातो, आणि देशातली या प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते.

पैज झाली असो वा नसो, तिच्यातला हवामानाचा भाग खरा आहे. या उंचीवर हवा विरळ आणि कोरडी असते, ढग बहुधा खाली राहतात, बर्फावरून परावर्तित झालेले ऊन अंगावर दुप्पट लागते. पारा शून्याच्या बराच खाली असतानाही वारा पडलेल्या उन्हात बसलेल्या माणसाला उकडू शकते. पुढे गावाने या उन्हाचेच चिन्ह केले. १९३०च्या जाहिरातींपासून वापरात आलेला हसरा सूर्य १९३७ पासून कायद्याने संरक्षित आहे, आणि नंतर ‘सेंट मॉरिट्झ’ हे ग्रामनामही व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. नावाची अशी नोंदणी करणारे जगातले पहिले गाव, असे इथले लोक अभिमानाने सांगतात.

दिवे, दगड आणि घसरगाड्या

योहानेस बाद्रुट यांचे खरे कर्तृत्व पैजेच्या पुढे सुरू होते. हिवाळ्यात पाहुणा आणणे एकवेळ सोपे. त्याला तीन-चार महिने रमविणे अवघड. दिवस लहान, संध्याकाळ चारच्या सुमाराला सुरू होणारी, बाहेर काळोख. १८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी विजेचे दिवे पाहिले. परतल्यावर त्यांनी डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर छोटे वीजकेंद्र उभारले आणि १८७९ साली कुल्मच्या भोजनगृहात विजेचे दिवे लावले. स्वित्झर्लंडमधले हे पहिले विद्युत दिवे म्हणून नोंदले जातात. मोठमोठ्या युरोपीय शहरांतही रस्ते गॅसच्या दिव्यांवर असताना, जिथे रेल्वेही पोचली नव्हती अशा डोंगरगावातल्या एका हॉटेलात हा उजेड पडला. गावकऱ्यांना त्याचे किती अप्रूप वाटले असेल याची कल्पना करता येते. धंद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा होता : हिवाळ्याची संध्याकाळ लांबविता आली.

दिवसाची सोय इंग्रज आणि स्कॉटिश पाहुण्यांनी बरीचशी स्वतःच करून घेतली, आणि बाद्रुटांनी तिला जागा दिली. बर्फावर स्केटिंग करण्याची मैदाने तयार झाली. गुळगुळीत बर्फावरून जड दगड सरकवून लक्ष्याजवळ नेण्याचा ‘कर्लिंग’ हा स्कॉटिश खेळ १८८०च्या सुमारास इथे रुजला. सर्वांत मोठी खळबळ मात्र घसरगाड्यांनी उडविली. कंटाळलेले तरुण पाहुणे लाकडी घसरगाड्यांवर बसून गावाच्या उतरत्या गल्ल्यांतून सुसाट खाली येऊ लागले. गल्लीत चालणाऱ्या माणसांना, ओझी वाहणाऱ्यांना आणि जनावरांना त्याचा केवढा ताप! गाव चिडले. पाहुण्यांना दुखवणे परवडणारे नव्हते आणि गावाला दुखवणेही. अखेर १८८४-८५च्या हिवाळ्यात गावाबाहेर, कुल्मजवळून निघून खाली क्रेस्टा वाडीकडे जाणारा बर्फाचा स्वतंत्र मार्ग बांधण्यात आला. पुढाकार मेजर बुलपेट यांच्यासह काही इंग्रज पाहुण्यांचा, आणि पाठबळ योहानेस यांचे पुत्र पेटर बाद्रुट यांचे.

हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला ‘क्रेस्टा रन’. लांबी १,२१२ मीटर, आरंभ आणि अखेर यांच्या उंचीतला फरक १५७ मीटर. जुन्या सेंट मॉरिशस चर्चचा झुकलेला मनोरा अजून उभा आहे. त्याच्या जवळून घसरगाडी सुटते. स्वार पोटावर पालथा, डोके पुढे, हनुवटी बर्फापासून वीतभर वर, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या कितीतरी पुढे. १८८७ साली या खेळाचा क्लब स्थापन झाला आणि कुल्म हे त्याचे घर बनले. इथे सिमेंटचा किंवा यंत्राने गोठविलेला मार्ग नाही. दरवर्षी हिवाळा लागला की माणसे फावडी घेऊन बर्फ रचतात, पाणी मारून गोठवितात आणि वळणे घडवितात. वसंतात सारे वितळून जाते. ‘स्केलेटन’ हा ऑलिम्पिक खेळ याच मार्गावरून जन्मला. तो १९२८ आणि १९४८ या दोन्ही वेळी सेंट मॉरिट्झमध्येच खेळला गेला, आणि नंतर थेट २००२ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये त्याला जागा नव्हती. या क्लबची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आरंभीच्या काळात स्त्रियाही इथे उतरत; १९२९ साली त्यांना बंदी झाली आणि ती २०१८ पर्यंत टिकली. नव्याची हौस असलेल्या गावात ही एक जुनाट गोष्ट जवळजवळ नव्वद वर्षे कुणाला फारशी खुपली नाही.

हे खेळ हॉटेलधंद्याचा भाग कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय बाद्रुटांचे यश कळत नाही. स्केटिंगचे मैदान हॉटेलच्या बागेत, क्लबची बैठक हॉटेलच्या दालनात, बक्षीस समारंभ हॉटेलच्या भोजनगृहात. जिंकणारा आणि हरणारा दोघेही रात्री तिथेच जेवत, आणि पुढच्या वर्षी बरोबरी साधायला परत येत. पाहुण्याला परत येण्याचे कारण हॉटेलाने विकत घ्यावे लागत नव्हते. ते पाहुणेच निर्माण करीत होते.

धाकट्या पातीचा राजवाडा

योहानेस १८८९ साली निवर्तले. कुल्मची सूत्रे पेटर यांच्याकडे राहिली. दुसरे पुत्र कास्पार (जन्म १८४८) यांनी मात्र वेगळी चूल मांडली होती. १८८०च्या दशकात त्यांनी तळ्याकडे पाहणारे ‘बो रिव्हाज’ हे हॉटेल हाती घेतले होते. त्या इमारतीला पोटात घेऊन, झ्युरिकच्या किओदेरा आणि चुडी या वास्तुशिल्पींकडून त्यांनी नवी भव्य वास्तू बांधविली. २९ जुलै १८९६ रोजी ‘पॅलेस हॉटेल’ उघडले. दगडी दर्शनी भाग, किल्ल्याची आठवण देणारा ढंग आणि पुढे गावाची ओळखच बनून गेलेला मनोरा. तळ्याच्या काठावरून काढलेल्या सेंट मॉरिट्झच्या बहुतेक चित्रांत आजही आधी दिसतो तो हाच मनोरा.

वडिलांच्या कुल्मच्या जवळच मुलाने राजवाडा उभारावा, ही घरातली स्पर्धा म्हणावी की घराण्याचा विस्तार? दोन्ही म्हणता येईल. कुल्मच्या भोवती खेळाडूंचा, क्लबांचा आणि जुन्या पाहुण्यांचा गोतावळा होता. पॅलेसने सुरुवातीपासून वेगळ्या वर्गाकडे पाहिले : राजेरजवाडे, उद्योगपती, ज्यांना खेळण्याइतकेच दिसण्यातही रस आहे असे लोक. दोघांचे गिऱ्हाईक पूर्णपणे एक नव्हते, म्हणून एकाच गावात दोघे तगले.

कास्पार १९०४ साली वारले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आल्बुला रेल्वे सेंट मॉरिट्झपर्यंत आली. बोगदे, पूल आणि डोंगराच्या पोटात चक्राकार वळणे घेत चढणारा हा मार्ग आज बर्निना मार्गासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. घोडागाडीचा दिवसभराचा प्रवास काही तासांवर आला. मग स्पर्धकही आले. १९०५ मध्ये ‘ग्रँड हॉटेल’, १९१२ मध्ये ‘सुव्रेत्ता हाउस’, १९१३ मध्ये ‘कार्लटन’. गोठलेल्या तळ्यावर १९०७ पासून घोड्यांच्या शर्यती होऊ लागल्या. पॅलेसची धुरा कास्पार यांचे पुत्र हान्स यांनी उचलली आणि जवळजवळ अर्धशतक वाहिली.

या भरभराटीची किंमत गावाने एका बाबतीत मोजली, ती म्हणजे भाषा. सेंट मॉरिट्झची मूळ बोली रोमान्श. गावाचे रोमान्श नाव ‘सान मुरेझान’. १८८०च्या सुमारास गावातले निम्मे लोक रोमान्श बोलत. हॉटेलांत काम करायला जर्मन आणि इटालियन भाषक आले, पाहुण्यांशी बोलायला इंग्रजी आणि फ्रेंच लागली, शाळा आणि व्यवहार जर्मनकडे वळले. २००० सालच्या जनगणनेत रोमान्श ही मुख्य भाषा सांगणारे गावात पाच टक्क्यांच्या आसपास उरले होते. याचे सारे खापर हॉटेलवाल्यांवर फोडणे न्याय्य नाही. पण हॉटेले नसती तर हे इतक्या झपाट्याने झाले नसते, हेही खरे. सीमाभागातल्या मराठी वाचकाला यातला अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नसावी.

रिकाम्या खोल्यांची वर्षे

१९१४च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि एंगाडीनमधले पाहुणे मिळेल त्या वाहनाने घरी निघाले. परदेशी गिऱ्हाइकांवर उभ्या असलेल्या धंद्याचा कणाच मोडला. हॉटेलांची संख्या आधीच गरजेपेक्षा वाढलेली होती. त्यांना आपसात गळेकापू स्पर्धेत मरू देण्यापेक्षा स्विस सरकारने १९१५ साली नवीन हॉटेले बांधण्यावरच निर्बंध घातले. वेगवेगळ्या रूपांत ते १९५२ पर्यंत राहिले. नवीन हॉटेल बांधता येत नाही, म्हणजे आहे ते जगविणे एवढेच हाती उरते. हान्स बाद्रुट यांच्या कारकिर्दीचा बराचसा भाग या जगविण्यात गेला.

दोन युद्धांच्या मधल्या वर्षांत गाव पुन्हा गजबजले. १९२८ साली दुसरे हिवाळी ऑलिम्पिक सेंट मॉरिट्झला झाले, आणि त्याचा सोहळा झाला तो कुल्मशेजारच्या, ‘बाद्रुट्स पार्क’ या नावाच्या मैदानावर. हिवाळ्याच्या नावावर मोठे झालेल्या गावाला त्या वेळी हिवाळ्यानेच दगा दिला. अचानक उबदार वारे सुटले, बर्फ वितळू लागले आणि दहा हजार मीटरची स्केटिंगची शर्यत अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी कॉर्व्हिलियाच्या उतारांपर्यंत डोंगरी रेल्वे पोचली, आणि पुढच्या वर्षी गावात स्विस स्की शाळा सुरू झाली. घसरगाडीच्या जागी आता स्की हा मुख्य खेळ झाला. हॉटेलाच्या बागेतल्या बर्फापेक्षा डोंगरावरचा उतार महत्त्वाचा ठरला, आणि पाहुण्याचा दिवस हॉटेलाबाहेर जाऊ लागला.

हान्स यांनी त्याचे उत्तर संध्याकाळी शोधले. १९३६ साली त्यांनी पॅलेससमोरचे, १६५८चे एक एंगाडिनी शेतघर उपाहारगृहात रूपांतरित केले. ‘केसा वेल्या’, म्हणजे जुने घर. जाड भिंती, लाकडाने मढविलेल्या खोल्या आणि गोठ्याच्या जागी पंगती. राजवाड्यातल्या पाहुण्याला शेतकऱ्याच्या घरात जेवायला नेण्याची ही कल्पना आज सर्वत्र दिसते. तेव्हा ती नवी होती. पॅलेसच्या पाहुण्यांत चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचे नाव विशेष. १९२६च्या डिसेंबरात लग्नानंतर ते पत्नीसह इथे आले आणि पुढे आयुष्यभर येत राहिले. ‘द मॅन हू न्यू टू मच’ या त्यांच्या १९३४च्या चित्रपटाची सुरुवातही सेंट मॉरिट्झमध्येच होते.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा खोल्या रिकाम्या पडल्या. ग्रँड हॉटेल १९४४ साली जळून गेले आणि पुन्हा उभे राहिले नाही. युद्धानंतरचे पहिले हिवाळी ऑलिम्पिक, १९४८चे, पुन्हा सेंट मॉरिट्झला मिळाले. तटस्थ देशातले मैदान आणि हॉटेले शाबूत होती, हे त्याचे मुख्य कारण.

वारस

हान्स १९५३ मध्ये निवर्तल्यावर पॅलेस त्यांच्या पुत्रांकडे आले. आंद्रेआ बाद्रुट यांच्या हाताखाली पॅलेसने युद्धोत्तर काळातला सर्वांत झगमगता काळ पाहिला. जहाजमालक ग्रीक, इटलीचे मोटार कारखानदार, इराणचे शाह, चित्रपटतारका, आणि मनोऱ्यातले दालन पॉप कलाकृतींनी भरून टाकणारे जर्मन उद्योगपती गुंटर झाक्स. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना हे गाव याच काळात माहीत झाले. मालक स्वतः दारात उभा राहून पाहुण्याचे स्वागत करतो, कोणता पाहुणा कोणाशेजारी बसवायचा हे त्यालाच ठाऊक असते, ही पद्धत तेव्हाही टिकून होती. कुटुंबाच्या हॉटेलाची ही ताकद असते आणि मर्यादाही. कारण हे ज्ञान हिशेबाच्या वह्यांत लिहून ठेवता येत नाही, ते माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते.

कुल्मच्या बाबतीत ही साखळी आधीच तुटली होती. ते कंपनीच्या मालकीचे झाले, आणि पुढे निआर्कोस या ग्रीक जहाजमालक कुटुंबाच्या हाती गेले. आज ते त्यांच्याकडेच आहे. एकेकाळी ज्यांच्या वर्गाला बाद्रुट पाहुणे म्हणून बोलावीत, त्या वर्गानेच बाद्रुटांचे पहिले घर विकत घेतले.

पॅलेस मात्र आंद्रेआ यांच्यामागे त्यांचे बंधू हान्सयूर्ग आणि त्यांच्या पत्नी अनिको यांच्याकडे राहिले. या दांपत्याला मूल नव्हते. मधली काही वर्षे व्यवस्थापन एका परदेशी हॉटेल कंपनीकडे सोपविण्यात आले. तो प्रयोग टिकला नाही. २००४ साली नवे व्यवस्थापकीय संचालक आले, आणि काही वर्षांतच बाद्रुट दांपत्याने हॉटेलची बहुतांश मालकी त्यांनाच वारसाने देण्याचा निर्णय जाहीर केला. विकत घ्यायला उत्सुक असणाऱ्यांची वाण पडली नसती. तळ्यावरची ही जागा म्हणजे सोन्याची खाण. निवासी सदनिका बांधून विकणाऱ्याला ती मिळती तर हॉटेल कदाचित शिल्लकच राहिले नसते. एंगाडीनमधल्या कितीतरी जुन्या हॉटेलांचे तसेच झाले आहे : खोल्यांच्या सदनिका झाल्या, आणि वर्षातले तीन-चार आठवडे सोडले तर खिडक्या अंधाऱ्या. आपल्या मागे इमारत हॉटेलच राहावी, एवढीच अट ज्याच्या हाती सुरक्षित वाटली त्याला ती देऊन टाकण्याचा हा निर्णय होता. हान्सयूर्ग २०१६ मध्ये निवर्तले. पॅलेसच्या पाटीवर आता ‘बाद्रुट्स पॅलेस’ असे नाव आहे. घराण्याची मालकी संपत आली त्याच काळात घराण्याचे नाव पाटीवर आले.

दुसरा मार्गही याच खोऱ्यात पाहायला मिळतो. सेंट मॉरिट्झपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या सिल्स मारिया गावी, अरण्यातल्या टेकडीवर, ‘वाल्डहाउस’ हे हॉटेल १९०८ मध्ये योझेफ आणि आमाली गिगर या दांपत्याने उघडले. ते आजही त्यांच्याच वंशजांकडे आहे आणि पाचवी पिढी ते चालविते. कधी मुलीकडून, कधी जावयाकडून, पण मालकी घरातच फिरत राहिली. हर्मान हेस्से वृद्धापकाळी तिथे पुनःपुन्हा येत. त्यांच्या मुक्कामाचे एकूण दिवस मोजले तर ते वर्षभराहून अधिक भरतात. तिथे मनोरा नाही, राजेरजवाड्यांची यादी लहान आहे आणि खेळांचा गाजावाजा कधी नव्हताच.

योहानेस बाद्रुट यांच्या कुल्मसमोरचे बर्फाचे मैदान अजून जागेवर आहे. त्याच्या काठावरचा १९०५चा लाकडी मंडप, ज्याच्या पुढ्यात दोन ऑलिम्पिकचे सोहळे झाले, दीर्घकाळ पडिक होता. नॉर्मन फॉस्टर यांच्या वास्तुसंस्थेने त्याची दुरुस्ती केली आणि २०१७ साली तो पुन्हा वापरात आला. हिवाळ्यात तिथे मुले स्केटिंग शिकतात.